वाचकांचे प्रश्न: आइस डान्समधली सुरुवातीची वर्षं

गेल्या अंकात टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मोइर या कॅनडाच्या आइस डान्स (म्हणजे बर्फावर स्केट घालून जोडीने नाचायचं) जोडीवर एक छोटा लेख दिला होता, लहानपणी जोडी कशी जमली आणि 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये गोल्डपर्यंत कशी पोचली वगैरे. त्यावर बरीच पत्रं आणि मेसेज आले, जास्त करून कॅनडा-अमेरिकेतल्या मराठी आईबाबांचे, पण नागपूर, पुणे, सांगलीहून पण आले. सगळे घेता येत नाहीत, म्हणून ज्यातून बाकीच्यांनाही काही मिळेल असे निवडलेत. मुलांचे प्रश्न आहेत म्हणून नावं दिलेली नाहीत.

माझी मुलगी 11 वर्षांची आहे, आम्ही वॉटर्लूला राहतो. कोचच्या सांगण्यावरून तिने गेल्या वर्षी सिंगल्स (एकटीने करायचं स्केटिंग) सोडून आइस डान्स घेतला, पार्टनर मुलगा 12 वर्षांचा आहे. आत्तापर्यंत ज्या कॉम्पिटिशन झाल्या त्यात कायम शेवटून दुसरे-तिसरे. तिच्या बरोबरीच्या मुली डबल जंप (हवेत दोन गिरक्या) मारतात आणि ही वर्षभर नुसतं वाकून गोल गोल फिरतेय असं तिच्या बाबांचं म्हणणं आहे. ताई, आपण तिचं वर्ष वाया घालवलं का?

अजिबात नाही. आणि गंमत बघा, तुम्ही ज्या गावात राहता तिथेच टेसा आणि स्कॉट आपल्या शाळकरी वयात ट्रेनिंगला होते, किचनर-वॉटर्लूच्या क्लबमध्ये, त्यामुळे त्यांचंच उदाहरण घेऊ. 1997 मध्ये जोडी जमली तेव्हा ती सात वर्षांची आणि तो नऊचा. जमवली कोणी तर स्कॉटच्या घरातल्याच कॅरल मोइर यांनी, त्या कोच होत्या, स्कॉटची आई आल्मा पण कोच. स्कॉटचा जीव हॉकीत, टेसाचा बॅलेमध्ये, तिला तर नॅशनल बॅले स्कूलला जायची संधी होती आणि नऊ-दहा वर्षांच्या वयात तिने ती सोडून स्केटिंग निवडलं. आता यापुढचे आकडे तिच्या बाबांना जरूर दाखवा. 2004 मध्ये ते कॅनडाचे ज्युनिअर चॅम्पियन झाले, म्हणजे जोडी जमल्यावर सात वर्षांनी, आणि त्याच वर्षी ज्युनिअर वर्ल्ड्सला, म्हणजे ज्युनिअर गटाच्या जागतिक स्पर्धेला, गेले तर अकरावे आले. अकरावे! पुढच्या वर्षी 2005 ला तीच स्पर्धा किचनरला होती, तिथे दुसरे, आणि 2006 ला ल्युब्लियानाला पहिले, ज्युनिअर वर्ल्ड्स जिंकणारी कॅनडाची ती पहिली आइस डान्स जोडी. अकरावरून एकवर यायला दोनच वर्षं लागली हे सगळ्यांना दिसतं, पण त्याच्या आधीची सात वर्षं कोणी मोजत नाही, आणि तुमची मुलगी आत्ता त्याच सात वर्षांतल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात आहे.

आता "वाकून गोल फिरते" याबद्दल. स्केटचं पातं जाडीला साधारण चार मिलिमीटर असतं आणि खालून सपाट नसतं, मधोमध बारीक खोबण असते, त्यामुळे त्याला दोन धारा होतात, आतली आणि बाहेरची. आइस डान्सचा सगळा खेळ या दोन धारांवर आहे, एका वेळी एकाच धारेवर, गुडघा वाकवून, अंग तिरकं टाकून, वेग न मोडता जायचं आणि ते पण शेजारी दुसरं माणूस अगदी चिकटून असताना. तुम्हाला स्वतःला बघायचं असेल तर एक करा, रिंक नुकतीच मशीनने साफ केलेली असेल तेव्हा मुलीला त्यावरून एक मोठा अर्धगोल मारायला सांगा आणि मग बर्फावर उमटलेली रेघ बघा. दोन समांतर रेघा दिसल्या तर ती पात्यावर सपाट उभी आहे, एकच बारीक वळणदार रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसली तर धार बसलीये. ज्या दिवशी ती एकच रेघ दिसेल त्या दिवशी घरी काहीतरी गोड करा, कारण ते कुठल्याही डबल जंपपेक्षा कमी नाही आणि मार्क देणारे आधी तेच बघतात.

या वयात जे डच वॉल्ट्झ, कनास्टा टँगो, बेबी ब्लूज असले ठरलेले पॅटर्न करायला लावतात ते पण त्यासाठीच. पायऱ्या ठरलेल्या, ताल ठरलेला, रिंकवर कुठून कुठे जायचं तेही ठरलेलं, त्यामुळे लपायला जागाच नसते. मुलांना बोअर होतं हे खरंय. होऊ दे. आपल्याकडे गाणं शिकणारी पोरं वर्ष वर्ष सारेगम आणि अलंकार घोटतात तसंच समजा.

मला विचाराल तर पुढची दोन वर्षं नंबर बघूच नका. मार्कांचा कागद मिळतो त्यात स्केटिंग स्किल्सचा आकडा वर चाललाय का आणि पोरगी सकाळी रिंकवर जायला कुरकुर करते का, एवढंच बघा.

पेअर स्केटिंग आणि आइस डान्स यात नेमका फरक काय? टीव्हीवर दोन्ही सारखंच दिसतं, मुलगा-मुलगी आणि म्युझिक. मार्क कसे देतात? – कॉलेज विद्यार्थी, नागपूर

पेअर्समध्ये मुलगा मुलीला डोक्याच्या वर उचलतो, हवेत फेकतो, दोघं शेजारी शेजारी मोठ्या जंप मारतात. आइस डान्समध्ये फेकाफेकी नाही, मोठ्या जंप नाहीत, लिफ्ट असतात पण हात ताणून डोक्यावर धरलेल्या नाहीत आणि त्यांना सेकंदांची मर्यादा असते. सगळा भर पायांवर, तालावर आणि दोघांमधल्या अंतरावर. पेअर्स ऑलिम्पिकमध्ये 1908 पासून आहे, आइस डान्स यायला 1976 चं इन्सब्रुक उजाडलं, आणि आपल्याला ते कमी माहीत असायचं हेही एक कारण असेल.

आता दोन भाग असतात, रिदम डान्स आणि फ्री डान्स. सिनिअरचा फ्री डान्स चार मिनिटांचा. 2010 पर्यंत तीन भाग होते, त्यात कंपल्सरी डान्स म्हणून एक असायचा जिथे सगळ्या जोड्या एकापाठोपाठ एक तेच ते करायच्या, बघणाऱ्याला कंटाळवाणं पण जाणकाराला सोनं. मार्कांचं म्हणाल तर पूर्वी 6.0 पैकी असायचे, 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये पेअर्सच्या निकालावरून मोठा घोळ झाला आणि त्यानंतर नवीन पद्धत आली, प्रत्येक एलिमेंटला (लिफ्ट, स्पिन असा एकेक भाग) ठरलेली किंमत, ते किती चांगलं केलं यावर आता उणे पाच ते अधिक पाच, आणि शिवाय कॉम्पोझिशन, प्रेझेंटेशन आणि स्केटिंग स्किल्सचे वेगळे मार्क.

पुढच्या वेळी बघशील तेव्हा ट्विझल नावाचं एलिमेंट शोध. स्पिनमध्ये जागेवर फिरतात, ट्विझलमध्ये एका पायावर गरागरा फिरत फिरत पुढे सरकायचं असतं, थांबायचं नाही, दुसरा पाय टेकायचा नाही, आणि दोघांनी एकदम. दोघांपैकी एकाची फिरकी पाव सेकंद मागे पडली तरी तुला घरी बसून कळेल, इतकं ते उघडं असतं. मोठमोठ्या जोड्यांची पदकं तिथे गेली आहेत.

माझी नात कॅनडात आहे, 14 वर्षांची, आइस डान्स करते. व्हिडिओ कॉलवर मला म्हणाली की आजी, प्रॅक्टिस चालू झाली की वीस मिनिटांत नडग्या दगडासारख्या घट्ट होतात आणि दुखतात, बसलं की जातं. आईबाबांना सांगितलं तर ते म्हणाले की एवढं दुखणारच, मेहनत आहे. मी लांब बसून काय बोलणार, पण जीव थाऱ्यावर नाही. – एक आजी, सांगली

आजी, तुम्ही बोलायलाच हवं. आजच फोन करा, आणि हे पान दाखवायचं असेल तर दाखवा.

टेसा व्हर्च्यूचं काय झालं ते सांगते. 2008 ला ती आणि स्कॉट कॅनडाचे चॅम्पियन झाले, गोथनबर्गच्या वर्ल्ड्सला सिल्व्हर मिळालं, ती तेव्हा 18 वर्षांची, सगळं अगदी वर वर चाललेलं. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिच्या दोन्ही पायांचं ऑपरेशन करावं लागलं. आजाराचं नाव मोठं आहे, क्रॉनिक एक्झर्शनल कंपार्टमेंट सिंड्रोम, पण समजायला सोपं आहे. पायाच्या स्नायूंवर एक पातळ पण न ताणणारं आवरण असतं, व्यायामाने स्नायू फुगतात, आवरण जागा देत नाही, आत दाब वाढत जातो, रक्त नीट पोचत नाही, मग पाय कडक होतो, दुखतो, कधी बधिर होतो, आणि विश्रांती घेतली की हळूहळू उतरतं. ऑपरेशनमध्ये ते आवरण कापून मोकळं करतात. तिला 2010 मध्ये ऑलिम्पिक गोल्डनंतर परत एकदा करावं लागलं. तुमच्या नातीला तेच आहे असं मी म्हणत नाहीये, ते डॉक्टरच सांगतील, या वयात नडगीच्या दुखण्याची इतरही कारणं असतात, हाडाला बारीक चीर असू शकते, बूट चुकीचा असू शकतो. पण तुम्ही जे लिहिलंय, प्रॅक्टिस सुरू झाली की येतं आणि बसलं की जातं, ते स्पोर्ट्सच्या डॉक्टरला शब्दशः सांगण्यासारखं आहे. दवाखान्यात बसल्यावर दुखत नसतं, म्हणून पोरं "काही नाही" म्हणून परत येतात, तेवढं सांभाळा. किती मिनिटांनी सुरू होतं, कुठल्या पायाला जास्त, बोटांना मुंग्या येतात का, थांबल्यावर किती वेळाने जातं, हे तिला आठवडाभर वहीत लिहायला सांगा आणि ती वही घेऊन जाऊ दे.

मेहनतीचं दुखणं वेगळं असतं हो. ते दुसऱ्या दिवशी मांड्यांना जाणवतं, दोन्हीकडे सारखं असतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. रोज त्याच जागी, त्याच वेळेला, वाढत जाणारं दुखणं ही मेहनत नाही. मुलीने सांगितलंय हेच किती मोठं आहे, कारण या खेळात मुली सांगत नाहीत. पार्टनरचं नुकसान होईल, त्याचा सीझन जाईल, या भीतीने गप्प बसतात. टेसा बरी होत होती तेव्हा स्कॉट रिंकवर वाळूची पोती आणि हॉकी स्टिक घेऊन सराव करायचा, आणि त्या काळात दोघांमध्ये बोलणं जवळजवळ बंद झालं होतं हे त्यांनी नंतर स्वतः सांगितलंय. त्याला वाटायचं तिला एकटं सोडावं, तिला वाटायचं याला काही पडलेली नाही. अकरा वर्षं हातात हात घालून वाढलेली पोरं ती! म्हणून तिच्या आईबाबांना हेही सांगा की डॉक्टरकडे जाऊन आल्यावर पार्टनरच्या घरीही लगेच कळवायचं, लपवून ठेवायचं नाही.

एवढं होऊनही ते 2009 च्या जानेवारीत परत कॅनडाचे चॅम्पियन झाले, मार्चमध्ये वर्ल्ड्सला ब्रॉन्झ आणि पुढच्या फेब्रुवारीत ऑलिम्पिक गोल्ड. थांबल्याने करिअर गेलं नाही, हे आईबाबांना नक्की सांगा.

मी पुण्यात रोलर स्केटिंग करते, क्वाडवर (चार चाकांचे स्केट), आर्टिस्टिक, म्हणजे म्युझिकवरचं. वय 15. मला आइस डान्स करायचाय पण सगळे म्हणतात उशीर झाला आणि भारतात बर्फ कुठाय. खरं काय ते सांगा.

खरं सांगते, दोन्ही बाजूंनी.

उशिराचं म्हणशील तर जेन टॉर्व्हिल आणि क्रिस्टोफर डीन ही आइस डान्स जोडी, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची, 1975 ला एकत्र आले तेव्हा ती 18 च्या आसपास आणि तो 17 चा. ती इन्शुरन्स कंपनीत क्लार्क होती, तो पोलिसात लागला. 1980 च्या ऑलिम्पिकला पाचवे, 1981 ला वर्ल्ड चॅम्पियन, 1984 ला सारायेवोला गोल्ड आणि फ्री डान्सला बारा वेळा 6.0. पण हेही लक्षात घे की दोघंही लहानपणापासून बर्फावर होते, टॉर्व्हिल तर आधी पेअर्समध्ये ब्रिटनची चॅम्पियन झाली होती. म्हणजे जोडी उशिरा जमली तर चालतं, पाया मात्र आधीचा लागतो. तुझ्याकडे चाकांवरचा पाया आहे, तोल, ताल, सोलो डान्सचे पॅटर्न, हे सगळं उपयोगी पडेल, पण चाकं चार ठिकाणी टेकतात आणि पातं एका रेघेवर, त्यामुळे पहिले काही महिने पाय आपले नाहीत असं वाटेल. ते सगळ्यांनाच वाटतं.

बर्फाचं मात्र अवघड आहे. ऑलिम्पिक मापाची, साठ बाय तीस मीटरची रिंक महाराष्ट्रात नाही. देहरादूनला हिमाद्री नावाची आहे, 2011 च्या साउथ एशियन विंटर गेम्ससाठी बांधलेली, मधली कित्येक वर्षं बंद होती, आता परत सुरू झालीये आणि ऑगस्ट 2025 मध्ये तिथे एशियन शॉर्ट ट्रॅकची (बर्फावरच्या शर्यतींची) स्पर्धाही झाली. शिमल्याची 1920 सालची रिंक आहे पण ती थंडीवर गोठते, म्हणजे हिवाळ्यातले थोडे आठवडे. एवढ्यावर जोडी तयार होणं कठीण, वर्षभर रोज बर्फ लागतो. म्हणून माझा सल्ला असा की आर्टिस्टिक सोडू नकोस, त्यात सोलो आणि कपल डान्स दोन्ही आहेत, त्यात नॅशनल्सपर्यंत जा, सोबत बॅले किंवा कथ्थक चालू ठेव, आणि सुट्टीत जमलं तर देहरादूनला एक-दोन आठवडे जाऊन बघ आवडतंय का. पुढे शिक्षणासाठी बाहेर जायचं ठरलं तर रिंक असलेलं गाव बघून कॉलेज निवड. 15 व्या वर्षी आईबाबांना कर्ज काढायला लावून परदेशी जायचं असं कोणी सुचवलं तर ऐकू नकोस.

टेसा 13 व्या वर्षी घर सोडून गेली असं वाचलं. आमच्या मुलाच्या कोचचं म्हणणं आहे की मोठ्या सेंटरला पाठवा, नाहीतर पुढे जाणार नाही. तो 12 चा आहे. काय करावं? – एक बाबा, ओंटारिओ

हो, साधारण त्या वयात ती घरापासून लांब, दुसऱ्यांच्या घरी राहून ट्रेनिंग करत होती, आणि 2004 च्या सुमारास दोघं सीमा ओलांडून मिशिगनमधल्या कँटनला गेले, इगोर श्पिलबांद आणि मरीना झुएवा यांच्याकडे. तिथे त्याच रिंकवर अमेरिकेची मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट ही जोडी. 2006 च्या ज्युनिअर वर्ल्ड्सला टेसा-स्कॉट पहिले, डेव्हिस-व्हाइट तिसरे. व्हँकुव्हरला टेसा-स्कॉटला गोल्ड, डेव्हिस-व्हाइटला सिल्व्हर, आणि 2014 ला सोची ऑलिम्पिकमध्ये बरोबर उलटं. रोज सकाळी डोळ्यांसमोर जगातली सगळ्यात चांगली दुसरी जोडी असणं याचा फायदा मोठाच.

पण डेव्हिस आणि व्हाइट मिशिगनचेच, ते घराजवळच वाढले, आणि टेसा-स्कॉटचीही पहिली काही वर्षं इल्डरटन नावाच्या छोट्या गावातल्या रिंकवर घरच्या माणसांकडे गेली. तेव्हा बाराव्या वर्षी पाठवलं नाही तर संपलं, हे मला पटत नाही. आता तर आंतरराष्ट्रीय सिनिअर स्पर्धेचं किमान वयच 15 वरून 17 केलंय, बीजिंग ऑलिम्पिकनंतर 2022 मध्ये तो निर्णय झाला, म्हणजे घाई करायचं कारण उलट कमी झालंय. आठवड्यातून दोन दिवस मोठ्या सेंटरला, बाकी घरच्या रिंकवर असं दोन वर्षं चालवून बघा. गाडी चालवून तुमचा जीव जाईल हे मान्य, पण पोरगं रात्री तुमच्याबरोबर जेवेल. आणि खर्च लिहून काढा, बर्फाचे तास, कोच, कोरिओग्राफी, कपडे, बूट-पाती, प्रवास, शिवाय या वयात पाय वाढतात म्हणून बूट सारखे बदलावे लागतात ते धरून. पार्टनरच्या आईबाबांबरोबर बसून कोण काय भरणार हे आधीच ठरवा, गोड बोलून राहिलं की पुढे कडू होतं.

मी 14 वर्षांची आहे, टोरंटोजवळ राहते. माझा पार्टनर गेल्या महिन्यात दुसऱ्या मुलीबरोबर स्केट करायला गेला, मला मेसेजवर कळलं. मुलं मिळतच नाहीत, एका मुलामागे दहा मुली असतात. मी सोडून देऊ का?

वाईट वाटलं वाचून, आणि मेसेजवर कळवणं ही पद्धत नव्हे, तू रागावली असशील तर बरोबरच आहे. पण यात तुझं स्केटिंग कमी पडलं असं धरून बसू नकोस. जोड्या उंचीवरून तुटतात, एकाची उंची वर्षात वाढते आणि होल्डच (एकमेकांना धरणं) बसत नाही, कधी आईबाबांच्या पैशांवरून, कधी कोचच्या भांडणावरून.

सोडू नकोस. पहिलं म्हणजे सोलो डान्स चालू ठेव, टेस्ट देत राहा, पार्टनर नसलेल्या काळातच पाय सुधारतात कारण तेव्हा सगळं लक्ष स्वतःच्या धारेवर असतं. दुसरं, स्केट कॅनडाने (तिथली स्केटिंगची राष्ट्रीय संघटना) 2022 च्या शेवटी नियम बदललाय, देशातल्या स्पर्धांमध्ये टीम म्हणजे दोन स्केटर, मुलगा-मुलगीच पाहिजे असं नाही. तेव्हा तुझ्या क्लबमधली जिच्याबरोबर तुझा ताल जमतो अशी मुलगी असेल तर कोचला विचार. आंतरराष्ट्रीय स्पर्धांना अजून मुलगा-मुलगीच लागतात, पण तुला पुढचा सीझन तरी रिकामा जाणार नाही. तिसरं, दुसऱ्या देशातला पार्टनर पण चालतो, वर्ल्ड्ससारख्या स्पर्धांना दोघांपैकी एकाचं नागरिकत्व पुरतं, ऑलिम्पिकला मात्र दोघांचं लागतं, ते पुढचं पुढे.

आणि ट्रायआउटला, म्हणजे नवा पार्टनर जमतो का ते बघायला, जाशील तेव्हा नाचाची मोठी मोठी एलिमेंट दाखवायला धावू नकोस. आधी त्याच्याबरोबर हात धरून रिंकला नुसत्या चार-पाच फेऱ्या मार, साधे स्ट्रोक, पुढे आणि मागे. तुमचे गुडघे एकाच वेळी वाकतात का, वळणावर तो तुला ओढतो का, तू चुकलीस तर तो काय म्हणतो, एवढं बघ. मग घरी जाऊन आईशी बोल आणि दोन दिवसांनी उत्तर दे, तिथल्या तिथे हो म्हणू नकोस.